पलीकडच्या काठावरच्या बाई

'मादी नाही ती. नर आहे, पिसं झडलेला. आणि इथला नाही, उपरा आहे. चोच बघा आणि त्या बाईंच्या बुटाशी माप लावून बघा.' मी पाठवलेल्या बदकाच्या फोटोवर मास्तरांचा हा निरोप आला तेव्हा मी इस्पितळाच्या मागच्या जिन्यात डबा खात उभा होतो, आणि मला पहिला राग आला तो आपली ओळख चुकल्याचा. पिसं झडायच्या दिवसांत नर बदक आपला सगळा थाट उतरवून ठेवतं आणि मादीसारखं तपकिरी, मळकट होऊन हिंडतं. नवशिके तिथेच हमखास फसतात, आणि ते फसले की मी त्यांना सुनवायला मागेपुढे पाहत नाही. रंगावर जाऊ नका, आधी आकार बघा, मग ठेवण, मग चाल, रंग सगळ्यात शेवटी, हे मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत असतो. आणि आता मीच तोंडावर आपटलो होतो. घास तोंडात घोळवत मी फोटो मोठा केला. चोचीच्या बुडाशी पिवळा डाग होता. मास्तरांचं बरोबर होतं. त्यांचं बरोबर असतंच. जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस, रेषा बघून पक्षी सांगतो. आमच्या तळ्यावरच्या पाचसहा जणांच्या टोळीत शेवटचा शब्द त्यांचा. आम्ही फोटो काढायचे, इथले कोण आणि उपरे कोण ते ठरवायचं आणि उद्यान खात्याला कळवायचं, म्हणजे मग ते उपऱ्यांची अंडी वेळेवर उचलतात. बंगल्यांतून, बागांतून शोभेची म्हणून आणलेली ही बदकं कुणीतरी कंटाळून तळ्यात सोडून देतं, आणि ती इथल्या पक्ष्यांना लव्हाळ्यातून हुसकून तिथेच संसार थाटतात. असो. तर मी चूक कबूल केली, डब्याचं झाकण लावलं, आणि मग निरोपातली दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. 'कोणत्या बाई?' असं मी मास्तरांना विचारलं. उत्तर लगेच आलं. 'अहो, बाकावरच्या. तुमच्या प्रत्येक फोटोत असतात की. आम्ही सगळे त्यांच्यावरूनच माप काढतो. फार उपयोगी बाई.'

आमची पद्धत अशी की फोटो दोन पाठवायचे. एक पक्ष्यापुरता कापलेला आणि एक मूळ, जसा कॅमेऱ्यातून निघाला तसा. हा मास्तरांचा दंडक. कापलेल्या फोटोत कुठलंही पाखरू हवं तेवढं मोठं दाखवता येतं, आजूबाजूचं दिसल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, असं ते म्हणतात. मी दंडक पाळतो, पण मूळ फोटो नुसता पुढे ढकलतो. मला त्यात बघण्यासारखं काही नसतं. फोटो उघडला की माझी नजर पक्ष्याच्या डोळ्यावर जाते, त्याभोवती चौकट पडते, चौकटीबाहेरचं गळून जातं. हात सवयीनं चालतात. त्या दिवशी जिन्यात उभं राहून मी बहुधा पहिल्यांदाच स्वतःचा मूळ फोटो नीट पाहिला. खाली गवतावर बदक, लख्ख, एकेक पीस मोजून घ्यावं असं. त्याच्यामागे बाक, थोडं धूसर. बाकावर एक बाई. तपकिरी नाडीचे बूट, गडद निळा कोट, मांडीवर ठेवलेले हात. फोटोच्या वरच्या कडेनं तिला मानेपाशी कापलं होतं. चेहरा नव्हता. तिनं उजव्या पायाची टाच बुटातून अर्धी बाहेर काढून ठेवली होती. मी मागचा फोटो उघडला, त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा. कधी बाकाचा नुसता पाय आणि एक बूट, कधी गुडघे, कधी निळी बाही. ऊन वेगळं, गवताची उंची वेगळी, बदकं वेगळी. आणि टाच बाहेर. घरी जेवणाच्या टेबलाखाली माझी बायको अशीच टाच बाहेर काढून बसते असं मला वाटलं, आणि तेवढ्यात आतून माझ्या नावाचा पुकारा झाला.

दुपारभर मी लोकांना श्वास धरायला लावत होतो. श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा. क्ष-किरणांच्या खोलीत मी हे इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं आहे की झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. खांदे उघडे टाकून माणसं त्या थंड पाटीला छाती लावतात आणि मी काचेपलीकडे जाऊन बटण दाबतो. लोकांच्या फासळ्या मी बघतो. कुणाचा खांदा किती उतरता, कुणाचा कणा कुठे कलला, हे मला ते पायऱ्या चढून येतानाच कळतं, आणि याचा मला थोडा गर्व आहे हे खोटं कशाला बोला. त्या दुपारी मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मनगटाच्या फोटोवर डाव्याऐवजी उजव्याची खूण लावली. डॉक्टरीण बाई फिल्म घेऊन स्वतः खाली आल्या. 'यांचा डावा हात सुजलाय आणि तुम्ही मला उजवा दाखवताय,' त्या म्हणाल्या, 'आज लक्ष कुठंय तुमचं?' मी माफी मागितली, खूण बदलली. लक्ष कुठं होतं ते त्यांना काय सांगणार. बायकोचा कोणता खांदा उतरता आहे हे मी आठवत होतो आणि मला ते आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत तिचा एकही फोटो मी त्या खोलीत काढलेला नाही, कधी कारणच पडलं नाही. डावा असावा. पर्स डाव्या खांद्याला असते. की उजव्या?

बाई दुसरीच कुणी असेल, असं मी बसमध्ये स्वतःला समजावलं. निळे कोट काय, पैशाला पासरी मिळतात. आणि बायको तिथे असणं शक्यच नव्हतं, कारण रविवारी तिची औषधाच्या दुकानात सकाळची पाळी असते. मी उजाडता उजाडता तळ्यावर जातो, ती नंतर आवरून दुकानात जाते, दुपारी दोघंही घरी येतो. ती विचारते, 'काय दिसलं?' मी सांगतो. टिबुकलीची पिल्लं, पाणकावळ्याचं घरटं, एखादा नवा उपरा. ती 'हं' म्हणते. या 'हं'ला मी आजवर कौतुक समजत आलो होतो. बसच्या काचेला डोकं टेकून मी तो 'हं' पुन्हा पुन्हा ऐकला आणि त्यात कौतुक कुठेच सापडेना. लेक शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात तसंही बोलणं कमी झालं आहे. आधी तिच्या निमित्तानं बोलायचो, तिची परीक्षा, तिचं उशिरा येणं, तिचे ते सांडलेले रंग. ती गेली आणि आम्ही दोघं एकमेकांशी फार सौजन्यानं वागायला लागलो. मला वाटलं होतं की याला शांतता म्हणतात. मला ती आवडली होतीसुद्धा.

घरी आलो तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच बूट काढायला वाकलो आणि मुद्दाम वेळ लावला. खालच्या कप्प्यात तिचे तपकिरी नाडीचे बूट होते. मी एक उलटा करून पाहिला. तळव्याच्या खाचांत चिखल सुकला होता, आणि चिखलात गवताचं एक पातं. तळ्यावर जे होतं तेच असेल असं नाही. गवत सगळीकडे असतं. पण औषधाच्या दुकानात नसतं. 'काय रे, काय शोधतोयस?' ती आतून म्हणाली. 'काही नाही, नाडी गुंतलीये,' मी म्हणालो. खोटं इतकं सहज आलं की मीच चपापलो. मग मनात आलं की मला इतकं सहज येतं, तर तिला का येऊ नये.

तिथून पुढे माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रविवारपर्यंतचे दिवस मी तिला बघत काढले. लव्हाळ्याआड बसून पाखरू बघावं तसं, अंग चोरून, वर्तमानपत्राच्या कडेवरून. ती उभी कशी राहते, पाणी पिताना मान किती मागे टाकते, खिडकीशी गेली की कोणत्या पायावर भार देते. आणि जसजसं बघत गेलो तसतशी ती मला अनोळखी होत गेली. केसांत इतकं पांढरं कधी झालं? भांडी घासताना ती ओठ हलवते, कुणाशी तरी बोलत असते, पण आवाज नसतो. आम्ही नव्यानं एकत्र राहायला लागलो तेव्हा कॅमेरा मी तिच्यासाठीच घेतला होता, हे मला ती ओले हात पुसत असताना आठवलं. तेव्हा भाड्याची एकच खोली होती, एकच खिडकी, आणि त्या खिडकीच्या उजेडात मी तिला वाट्टेल तसं बसवायचो. ती वैतागायची, हसायची, 'पुरे आता, मान अवघडली' म्हणायची. मग लेक झाली, कॅमेरा तिच्याकडे वळला. लेक मोठी झाली आणि फोटो काढू देईना, तेव्हा मी एका सुट्टीत तळ्यावर गेलो आणि एक राखी बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. तो कितीतरी वेळ हलला नाही. त्यानं मला काही विचारलं नाही. मला वाटतं मी तिथेच अडकलो.

संशय यायला एकदा फट मिळाली की तो घरभर होतो. तळ्याकाठी बसून ती कुणाची वाट बघत असेल? फोटोत शेजारी कुणी नव्हतं, पण माझा फोटो म्हणजे किती, पापणी लवते तेवढा वेळ. त्याच्या आधी नि नंतर बाकावर कोण येऊन बसत होतं, मला काय ठाऊक. की तिला काही दुखणं होतं आणि ती एकटीच रडायला तिथे जात होती? मला सांगायचं सोडून? की मला बघत होती? हा विचार सगळ्यात वेडगळ वाटला. मला कशाला बघायचं, मी तर घरातच असतो. शनिवारी कामावरून येताना मी एक थांबा आधी उतरलो आणि तिच्या दुकानावरून गेलो. आत ती पाठमोरी उभी होती, वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला टाचा उंचावून. काचेवर वेळांची पाटी होती. खाली लिहिलं होतं, रविवारी बंद. अक्षरांचा रंग उन्हानं उडाला होता, म्हणजे पाटी जुनी. दर रविवारी मी सायकलवरून याच काचेसमोरून तळ्याकडे जातो आणि भर दुपारी इथूनच परत येतो. पडलेलं शटर मी दर रविवारी पाहिलं असणार. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो आणि मला सरळ सरळ भीती वाटली. ही बाई मला सोडून जाणार, असं मला वाटलं, कदाचित मनानं गेलीही असेल, आणि मला पत्ता नाही. आत जाऊन विचारावं, एवढंच करायचं होतं. मी घरी गेलो आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

रविवारी मी नेहमीसारखा निघालो. ती अंथरुणातच होती, तिनं कूस बदलली आणि 'जा नीट' म्हणाली. तळ्यावर माझी जागा पूर्व काठाला, पंपाच्या खोलीच्या आडोशाला, जिथून सकाळचं ऊन पाठीवर घेत समोरचा काठ दिसतो. मी तिपाई उभी केली, लेन्स लावली आणि रिकाम्या बाकावर रोखून बसलो. पाणी शांत होतं. टिबुकल्या बुड्या मारत होत्या, वर येत होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एक पाणकोंबडी अगदी समोरून, दहा पावलांवरून, लाल कपाळ मिरवत गेली, एरवी मी श्वास रोखला असता. बऱ्याच वेळानं समोरच्या पायवाटेवर निळं काहीतरी हललं. ती आली. बाकाशी थांबली, रुमालानं बाक पुसलं, बसली. मग तिनं कोटाच्या खिशात हात घालून काहीतरी गवतावर फेकलं, दोनदा, तीनदा. लव्हाळ्यातून बदकं निघाली. सगळ्यात आधी उपरेच, त्यांना माणसाची भीती कुठली. पिसं झडलेला तो नर तुरुतुरु चढून तिच्या पायापाशी आला. माझ्या लेन्सची चौकट सवयीनं त्याच्यावर गेली, डोळ्यावर स्थिर झाली. बोट बटणावर गेलं. मागे धूसर बूट, टाच अर्धी बाहेर. काय विचित्र माणूस आहे मी, त्या क्षणीही मी चोचीवरचा डाग नीट दिसतोय का ते पाहून घेतलं. मग तिपाईची मूठ सैल केली आणि लेन्स वर उचलली. गुडघे गेले, हात गेले, कोटाची बटणं एकेक करून गेली. चेहरा धूसर होता, तो स्पष्ट झाला. माझी बायको होती आणि ती लेन्सकडे बघत होती. इकडेतिकडे नाही, सरळ माझ्याकडे, मान सरळ ठेवून, केस कानामागे नीट सारून.

मी तिपाई तिथेच टाकली. असं सामान टाकून मी आयुष्यात कुठे गेलेलो नाही. कॅमेरा तेवढा ओढून काढला, गळ्यात अडकवला आणि तळ्याला वळसा घालून चालायला लागलो, मग धावायला. मधे झाडं आली, ती दिसेनाशी झाली. आपण पोचेपर्यंत ती उठून जाईल, घरी जाऊन घड्या घालत बसेल, 'काय दिसलं?' म्हणून विचारेल, आणि सगळं पुन्हा होतं तसं होईल, या विचारानं मी आणखी जोरात धावलो. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका गृहस्थांना मी धक्का दिला, ते काहीतरी बोलले. आडोशातून एवढुसं दिसणारं ते तळं पायी संपता संपेना. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. तू इथे कशी, हे नको. कुणाची वाट बघतेस, हे तर नकोच. मी बाकासमोर पोचलो तेव्हा बदकं फडफडत पाण्यात गेली आणि धापा टाकत माझ्या तोंडून निघालं ते हे.

'तू यांना खायला घालतेस?'

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही, उलट हसू येता येता राहिलं तिला.

'दुसरं काय करणार?' ती म्हणाली. 'ते आले की तू इकडे बघतोस.'

तिनं हातातले उरलेले दाणे झटकले.

'पहिल्यांदा आले ती संशयानं आले,' ती म्हणाली. 'म्हटलं पक्षीबिक्षी सगळं निमित्त असेल. कोणीतरी असेल. त्या पंपाच्या खोलीमागे उभी राहिले होते मी, तुझ्या पाठीशी. बघते तर तू खरंच बदकं बघत होतास. त्या दिवशी मला जास्त वाईट वाटलं.'

'हाक मारायचीस ना.'

'हाक घरात मारते की. तू हो म्हणतोस.' तिनं तळहात कोटाला पुसले. 'मग म्हटलं समोर जाऊन बसावं, दिसेन. नाही दिसले. मग दाणे आणले. तुझी ती लेन्स वळायची ना माझ्याकडे, तेव्हा मी आपली सरळ बसायचे. वेड्यासारखी. केसबिस नीट करून. आणि दुपारी घरी तुला विचारायचे, काय दिसलं.'

मला तिचा हात धरावासा वाटला आणि माझे हात कॅमेऱ्यावरच होते. 'माझ्या लक्षात आलं नाही,' मी म्हणालो. 'खरंच आलं नाही गं.'

'मग आज कसं आलं? कशावरून ओळखलंस?'

खोटं बोलता आलं असतं. कोटावरून, बसण्यावरून, मी तुला कुठेही ओळखेन, असं काहीतरी. ती ते मानूनही घेईल असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं, तिला तेच हवं होतं. पण मला ते बोलवेना.

'मास्तरांनी सांगितलं, माझ्या प्रत्येक फोटोत बाकावर एक बाई असतात म्हणून,' मी म्हणालो. 'ते तुझ्या बुटावरून बदकांचं माप काढतात. मग मी फोटो बघितले. तरी खात्री नव्हती. आज बघायला आलो होतो, तूच आहेस का ते.'

'म्हणजे मास्तरांना दिसले मी.'

'हो.'

'बरं,' ती म्हणाली. तिनं पाय बुटात नीट सरकवला, वाकून नाडी बांधली. बराच वेळ बांधत राहिली. वाकलेली असतानाच म्हणाली, 'माझ्या ताईकडची वरची खोली रिकामी झालीय. मी येते म्हणून कळवलंय तिला. तुला आज सांगणारच होते. एक रविवार, आणखी एक रविवार, असं करत इतके दिवस थांबले. म्हटलं, तो एकदा स्वतःहून इकडे आला तर नाही जायचं.'

'मी आलो ना,' मी म्हणालो.

'आलास.' ती सरळ झाली. तिचा डावाच खांदा उतरता होता. 'पण दुसऱ्यानं दाखवलं म्हणून आलास. आता हे स्वतःहून आलास असं धरू की नको, तेच मला कळत नाहीये. तू माझ्या जागी असतास तर धरलं असतंस?'

नसतं धरलं. तिला ते माहीत होतं. दुसऱ्यानं दाखवलेलं पाखरू आपलं म्हणून सांगणाऱ्याला मी चारचौघांत फाडून खाल्लेलं तिनं पाहिलं आहे, आमच्याच घरात, आमच्याच टेबलाशी. मागे पाण्यात बदकं पुन्हा काठाकडे यायला लागली होती, पंखांचा आवाज येत होता, आणि मला त्यांच्यातलं एकही ओळखायचं नव्हतं.

'धर,' मी म्हणालो. 'धर ना. हे एवढं धर.'

ती पाण्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो, इतक्या जवळून, इतक्या उजेडात, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिचं उत्तर काय येणार ते मला सांगता येईना. मी गळ्यातला कॅमेरा काढून गवतावर ठेवला आणि तिच्यासमोर उभा राहिलो.